एका रात्रीचे घर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांचा एक हट्ट ठरलेला असतो. काहीतरी पाळायचे. कोणाला रंग दिलेली कोंबडीची पिल्ले हवी असतात, कोणाला लव्हबर्ड, कोणाला सशांची जोडी. आम्ही पती-पत्नी दोघेही साताऱ्यात शिक्षक आहोत. उर्दू आणि मराठी शिकवता शिकवता वीस वर्षे होत आली. जूनमध्ये शाळा उघडली की 'सुट्टीत काय केले' हा निबंध आम्ही लिहायला देतो आणि त्यांतली बरीचशी पिल्ले निबंध संपायच्या आत मेलेली असतात. मुले ते फार सरळपणे लिहितात. पिल्लू आणले, त्याला खाऊ दिला, ते मेले, आम्ही त्याला पेरूच्या झाडाखाली पुरले.

अलीकडे या निबंधांत कासवेही येऊ लागली आहेत. कासवाबद्दल आपल्या घरांत दोन समजुती आहेत. एक, की त्याला काही लागत नाही. ते ओरडत नाही, चावत नाही, केस गाळत नाही, एका कोपऱ्यात पडून राहते. दुसरी, की ते घरात असले म्हणजे बरकत येते. पहिली समजूत किती चुकीची आहे हे आम्हाला गेल्या मे महिन्यात सांगलीत आमच्या भाच्याबरोबर बसून नीट समजून घेता आले. दुसरीबद्दल त्याच्या दादीने जे सांगितले तेही पुढे येईलच.

आमची आपा सांगलीला असते. साताऱ्याहून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे सुट्टीत चार दिवस तिकडे जाणे होतेच. या वेळी दारातच भाच्याने हात धरला आणि आत नेले. टेबलावर माशांची काचेची पेटी होती. तिच्यात पाणी नव्हते, तळाला रंगीत खडे होते आणि खड्यांवर लिंबापेक्षा थोडे मोठे एक कासवाचे पिल्लू. काळपट कवचावर पिवळसर रेघा, प्रत्येक उंचवट्यावरून खाली पसरलेल्या, चांदणीसारख्या.

"याचं नाव सितारा," भाचा म्हणाला.

दुल्हेभाईंच्या एका ओळखीच्या माणसाने ते दोन महिन्यांपूर्वी मिठाईच्या खोक्यातून आणून दिले होते. दुकानासाठी चांगले असते म्हणून भेट. कुठून आणले ते त्याने सांगितले नव्हते आणि भेट देणाऱ्याला कोणी असे विचारतही नाही. भाचा मात्र त्याच दिवसापासून त्याचा झाला. रोज सकाळी काकडी, टोमॅटो, दुधात भिजवलेला पाव. दुपारी पेटी खिडकीत, संध्याकाळी हॉलमध्ये. गेल्या आठवड्यापासून सितारा खात नव्हता. डोळे बराच वेळ मिटलेले असायचे. भाच्याचे म्हणणे एवढेच होते, "खाला, याला घर आवडत नाही. आपण दुसरं चांगलं बनवू या."

आम्ही शिक्षक, त्यामुळे एखादी गोष्ट बनवायची म्हटले की आधी वही काढतो. भाच्याने नवे पान घेतले आणि वर मथळा लिहिला, 'सिताऱ्याला काय लागतं'. आम्ही एका ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला. त्यांच्याकडून कळत गेले तसे आणि पुढे आम्ही जे वाचले ते इथे एकत्र देतो, कारण कासव पाळावेसे वाटणाऱ्या प्रत्येक घराला ते माहीत असायला हवे.

पहिली गोष्ट पायांची. कासव जमिनीवरचे की पाण्यातले हे पाय पाहून कळते. पाण्यातल्या कासवाच्या बोटांमध्ये पडदा असतो. जमिनीवरच्या कासवाचे पाय हत्तीच्या पायांसारखे, खांबासारखे असतात. सिताऱ्याचे पाय खांबासारखे होते. अशा कासवाला पाण्याच्या भांड्यात ठेवले तर ते पोहत नाही, बुडते. शोभेसाठी पाण्याच्या वाडग्यात कासव ठेवण्याची जी पद्धत निघाली आहे, तिच्यात जमिनीवरची पिल्ले अशीच जातात. त्यांना पाणी लागते ते पिण्यापुरते आणि अंग भिजवण्यापुरते. उथळ परळीत कोमट पाणी, तेही हनुवटीच्या खाली राहील इतके. पिल्लाच्या अंगातले पाणी लवकर आटते, म्हणून हे भिजवणे महत्त्वाचे असते.

दुसरी गोष्ट उन्हाची. कवच हे हाडच आहे. त्याला कॅल्शियम लागते आणि खाल्लेले कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते. ते कासवाच्या अंगात उन्हातल्या अतिनील किरणांमुळे तयार होते. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण हे किरण काच जवळजवळ सगळे अडवते. म्हणजे खिडकीतल्या पेटीत सितारा उन्हात बसलेला दिसत होता आणि त्याला हवे ते त्या उन्हातून मिळत नव्हते. उलट मे महिन्यातल्या सांगलीच्या दुपारी काचेची पेटी भट्टीसारखी तापते आणि आतल्या जिवाला सावलीला जायला जागा नसते. परदेशात लोक यासाठी खास दिवे वापरतात, पण त्या दिव्यांतले हे किरण काही महिन्यांत कमी होतात आणि दिवा मात्र तसाच जळताना दिसतो, म्हणून तो चालू असतानाच बदलावा लागतो.

तिसरी गोष्ट काचेचीच. कासवाला पारदर्शक भिंत ही भिंत आहे हे कळत नाही. समोर दिसते तिकडे ते चालत राहते. भाच्याने सांगितले होते की सितारा सुरुवातीला दिवसभर पेटीच्या एका कोपऱ्यात पाय मारत असायचा. घरच्यांना वाटले, खेळतोय.

चौथी गोष्ट खाण्याची. हे कासव गवत, पाला, फुले खाणारे आहे. हरळी, जास्वंदीची पाने आणि फुले, काटे काढलेल्या निवडुंगाचे तुकडे असे चोथा असलेले खाणे त्याला मानवते. पाव आणि दूध हे त्याचे अन्नच नव्हे. काकडीत पाण्याशिवाय फारसे काही नसते. पालक पौष्टिक म्हणून देतात, पण पालकातला एक घटक कॅल्शियमला बांधून ठेवतो. चुकीचे खाणे आणि उन्हाचा अभाव एकत्र आले की कवच मऊ पडते, वेडेवाकडे वाढते, पायांतली ताकद जाते. हे सगळे महिनोन् महिने हळूहळू होते आणि कासव ओरडत नसल्यामुळे घरात कोणाला कळत नाही.

पाचवी गोष्ट जमिनीची. त्याला रंगीत खडे नकोत, माती हवी. लपायला आडोसा हवा. घराचा एक भाग गरम आणि दुसरा गार हवा, कारण कासव आपले अंग आपण तापवू शकत नाही, ते जागा बदलून ऊब घेते आणि सोडते. मोठे झाल्यावर चालायला अंगण हवे.

सहावी गोष्ट भाच्याने स्वतः विचारली. "हे किती वर्षं जगतं?" अनेक दशके, नीट राहिले तर माणसाच्या आयुष्याशी बरोबरी करेल इतकी. त्याने वहीच्या समासात स्वतःचे वय मांडून बेरीज केली. मग म्हणाला, "मग मी म्हातारा झाल्यावर याला कोण बघणार?" आम्ही त्याला ते वाक्यही यादीत लिहायला सांगितले.

पशुवैद्यांनी फोनवर आणखी एक गोष्ट विचारली होती. कवचावर चांदणीची नक्षी आहे का? आहे म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलला. हे भारतीय स्टार कासव, ते म्हणाले, हे घरात ठेवता येत नाही, वनविभागाला कळवा.

स्टार कासव आपल्याच देशातले. राजस्थान-गुजरातकडचा कोरडा भाग, दक्षिणेतली आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूची झुडपी राने आणि श्रीलंका हा त्याचा मुलूख. वाळलेल्या गवतात ऊन-सावलीच्या रेघा पडतात, तशीच त्याच्या पाठीवरची नक्षी असते. रानात ती त्याला लपवते. आणि तिच्याचसाठी माणसे त्याला पकडतात. चोरट्या बाजारात सर्वांत जास्त विकल्या जाणाऱ्या कासवांत त्याची गणना होते. म्हणून २०१९ साली जिनिव्हात झालेल्या बैठकीत वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराने त्याला पहिल्या परिशिष्टात घातले, म्हणजे रानातून धरलेल्या कासवाच्या व्यापाराला पूर्ण बंदी. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा आहे. त्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि आता हे कासव अनुसूची १ मध्ये आहे, वाघ आणि बिबट्या आहेत त्याच यादीत. या यादीतला प्राणी बाळगण्याच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

हे आम्ही जेवणानंतर दुल्हेभाईंना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी फोन करायचा आणि माझंच नाव कागदावर लावून घ्यायचं?"

आपा म्हणाली, "आपण कुठं चोरून आणलंय?"

"ते तू मला सांगतेस. उद्या दुकानापुढं कोणी म्हणेल, यांच्या घरी कासव पकडलं. 'दिलं' असं कोणी म्हणत नाही, 'पकडलं' असंच म्हणतात. आणि आपलं नाव असलं की म्हणणारे जरा जास्तच जोरात म्हणतात."

या भीतीला आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. ती खोटी आहे असे आम्ही त्यांना म्हणू शकलो नाही. वाचकांपैकी अनेकांना ती ओळखीची असेल. कायद्याचे काम पडले की आपल्या घरांत आधी हाच विचार येतो, की आपला संबंध येऊ नये.

दुल्हेभाईंच्या मनात दोन वाटा होत्या. रात्री कृष्णेच्या घाटावर जाऊन सोडून यायचे, किंवा सकाळी गाडी काढून सागरेश्वरच्या डोंगरात. घाटाचे उत्तर भाच्यानेच दिले, कारण पायांची गोष्ट त्याने वहीत लिहिली होती. "ते बुडेल, अब्बा." कृष्णेत कासवे आहेत हे खरे. मऊ पाठीची, पोहणारी, त्यांतले लीथचे कासव तर नामशेष होण्याच्या काठावर आहे. पण ती नदीची कासवे. नदीत कासवे असतात म्हणून प्रत्येक कासव नदीचे होत नाही.

सागरेश्वरचेही तसेच. वायव्येकडची स्टार कासवे आणि दक्षिणेकडची स्टार कासवे वंशाने वेगळी आहेत. सितारा कुठला होता हे कोणालाच माहीत नव्हते. दोन महिने माणसांत राहिलेले, आजारी पिल्लू अनोळखी रानात सोडले तर एक तर कावळा-मुंगूस त्याला संपवतो, नाहीतर त्याच्या अंगातला रोग तिथल्या दुसऱ्या जिवांना लागतो. ज्याला आपण 'सोडून देणे' म्हणतो ते अशा वेळी टाकून देणेच असते.

धर्माची गोष्ट निघाली ती दादीमुळे. दुल्हेभाईंच्या अम्मा, वय पंचाहत्तरीच्या पुढे. सितारा आल्यापासून दुकान बरे चालले आहे असे त्यांचे मत होते आणि त्याला देऊन टाकायला त्या कशा तयार होतील अशी आपाला काळजी होती. आम्ही त्यांना दोन प्रसंगांची आठवण दिली. एका लहान मुलाची पाळलेली चिमणीएवढी पाखरी मेली तेव्हा हजरत मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाजवळ प्रेमाने तिची चौकशी केली होती. त्यावरून उलेमांनी असे काढले आहे की नीट सांभाळणार असाल तर पाखरू पाळायला हरकत नाही. आणि दुसरा प्रसंग प्रवासातला. साथीदारांनी घरट्यातली दोन पिल्ले उचलली, आई पंख पसरून घिरट्या घालू लागली, तेव्हा ती पिल्ले परत ठेवायला सांगितले गेले. मुलाचे मन राखणे आणि पिल्लू परत ठेवणे, दोन्ही आपल्याला शिकवलेले आहे.

दादींनी ऐकून घेतले आणि विचारले, "याची आई कुठं असेल?"

इथे आम्हाला खरे सांगावे लागले. कासवाची आई अंडी मातीत पुरते आणि निघून जाते. पिल्लू स्वतः माती उकरून वर येते आणि पहिल्या दिवसापासून आपले आपण जगते. त्याला आई अशी कधी भेटतच नाही. भाचा हिरमुसला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "मग त्याच्याकडं फक्त जमीनच असते."

दादी तेव्हा जे बोलल्या ते आम्ही त्यांच्याच शब्दांत देतो. घरात आम्ही दखनी बोलतो, तिचे हे मराठी.

"महापुराच्या वर्षी आम्ही साताऱ्याला तुमच्याकडं होतो. बकरी ईदसुद्धा तिथंच केली. तुम्ही आमचं काही कमी केलं नाहीत. पलंग मला दिलात, तुम्ही खाली झोपलात. तरी मी रोज सकाळी पहिलं काय विचारायचे? पाणी किती उतरलं. घर चिखलानं भरलंय हे माहीत होतं. तरी तेच विचारायचे." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "दुकान त्याच्या नशिबानं नाही, तुझ्या मेहनतीनं चाललंय. फोन लाव."

२०१९ च्या ऑगस्टची ही गोष्ट. रस्ते बंद व्हायच्या आत ते सगळे आमच्याकडे आले होते. १२ ऑगस्टची ईद आम्ही एकत्र केली, आणि सांगलीत कोणाकोणाच्या घरात पाणी आहे याची फोनवरून मोजदाद चालली होती. भाचा तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला फारसे आठवत नाही. पण त्या रात्री दादींचे ऐकताना त्याने वही मिटून ठेवली.

रात्र झाली होती, त्यामुळे फोन सकाळी करायचे ठरले. तोवर सिताऱ्याला त्या पेटीत ठेवायचे नव्हते. भाच्याला घर बनवायचे होते, ते आम्ही बनवले. कपडे भिजवायचा जुना प्लास्टिकचा टब घेतला, म्हणजे आरपार दिसणार नाही. परसातली, खत न घातलेली माती चाळून चार बोटे भरली आणि एका बाजूला थोडी ओलसर केली. फुटलेल्या कुंडीचा अर्धा भाग पालथा घातला, ती त्याची खोली. मातीची परळ जमिनीत अशी बसवली की काठ मातीच्या पातळीला येईल, नाहीतर इतक्या लहान जिवाला तो चढता येत नाही. कोमट पाण्यात त्याला पंधरा मिनिटे बसवले. भाच्याने बॅटरी घेऊन अंगणातली हरळी आणली, आपाने जास्वंदीचे फूल तोडून दिले. मांजर येऊ नये म्हणून वर भाज्यांची जाळी बांधली.

पाण्यात बसल्यावर सिताऱ्याने डोळे उघडले आणि मान लांबवून पाणी प्यायला. सकाळी पाहिले तर फुलाची एक पाकळी कुरतडलेली होती. बाकी तो कुंडीच्या आत होता. भाचा म्हणाला, "पहिल्यांदा लपला." त्याला याचे दुःख झाले नाही, आनंद झाला. दोन महिने त्या पिल्लाला लपायला जागाच नव्हती.

वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. दुल्हेभाईंनीच फोन लावला, स्वतःचे नाव आणि पत्ता सांगितला. दुपारपर्यंत दोन कर्मचारी आले. कासव कोणी दिले, कधी दिले हे विचारले, लिहून घेतले, सही घेतली. ते लिहिणे चालले होते तेवढा वेळ दुल्हेभाई उभेच होते. त्यानंतर अजून तरी कुठून काही विचारणा आलेली नाही. कोणालाच कधी काही विचारले जाणार नाही असे आम्ही म्हणत नाही. पण आपण होऊन सांगणारा आणि झडतीत सापडणारा यांची गोष्ट एकसारखी लिहिली जात नाही, हे आम्ही समोर पाहिले.

त्यांतले मोठे गृहस्थ मग भाच्याकडे वळले. "काय खायला देत होतास?" भाच्याने वही आणली. काकडी, टोमॅटो, दूध-पाव, किती दिवस, कधीपासून खाणे सोडले, काल रात्री किती पाणी प्यायला, हे त्याने वाचून दाखवले. त्यांनी ते सगळे आपल्या कागदावर उतरवून घेतले आणि म्हणाले की उपचार करणाऱ्यांना हे लागेल. सितारा खोक्यात ठेवायचे कामही त्यांनी भाच्यालाच दिले. तो रडत होता, पण हात स्थिर होते. त्या दिवशी तो जेवला नाही.

एकंदर वीस तास सितारा त्या टबात राहिला. त्याच्यासाठी आमच्या हातून होण्यासारखे योग्य घर तेवढेच होते. त्यापुढचे घर आमच्या अंगणात मावणारे नव्हते.

साताऱ्याला परतताना आम्ही भाच्याला एक गोष्ट सांगून आलो, ती शिक्षक म्हणून आम्हाला फार आवडते. कासव पाठीवर पडले की उलटून सुलटे व्हायला त्याला फार कष्ट पडतात. हंगेरीतल्या डोमोकोश आणि वार्कोनी या दोघांनी २००६ साली असा एक आकार तयार केला की तो कसाही ठेवा, आपोआप एकाच बाजूवर येऊन स्थिरावतो. त्याचे नाव गोम्बोक. पुढे त्यांनी कासवांची कवचे मोजून पाहिली तर या आकाराच्या अगदी जवळ जाणारे कवच निघाले भारतीय स्टार कासवाचे. त्याच्या उंच घुमटामुळे त्याला सुलटे व्हायला फार बळ लागत नाही. "म्हणजे पडला तरी उठेल," भाचा म्हणाला. हो, म्हटले, मात्र हे बघायला कोणी त्याला उलटे करू नये.

आता थोडे वाचक बंधू-भगिनींसाठी. तुमच्या घरी किंवा नात्यात असे कासव असेल तर त्याला नदीत, विहिरीत, डोंगरात सोडू नका. गाडीत घालून दुसऱ्या गावीही नेऊ नका, कारण तीही वाहतूकच ठरते. १९२६ ला किंवा जवळच्या वनकार्यालयात कळवा. माणसे येईपर्यंत माती, आडोसा, उथळ पाणी आणि सावली एवढे द्या. आणि कोणी भेट म्हणून आणले तर आदराने नको म्हणा. भेट घेणारे आहेत म्हणून पकडणारे आहेत.

दुकानांतून हिरवी, चपटी, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली पिल्ले मिळतात, ती वेगळी. ते अमेरिकेतले पाण्यातले कासव, रेड इअर्ड स्लायडर. आणताना ते दोन इंचांचे असते, मोठेपणी ताटाएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. घरात असलेच तर त्याला पोहायला मोठा टब, बाहेर येऊन बसायला कोरडा दगड, रोज थेट ऊन आणि वरचेवर बदललेले पाणी लागते. लहान मुलांनी त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. अमेरिकेत याच कारणाने चार इंचांहून लहान कासवे विकायला १९७५ पासून बंदी आहे. आणि कंटाळा आला म्हणून ते कृष्णेत किंवा वेण्णेत सोडायचे नाही. जगभर उपद्रवी ठरलेल्या पहिल्या शंभर परक्या जीवजातींत ते मोडते आणि इथल्या कासवांची जागा आणि अन्न बळकावते.

मुलाकडून प्राणी परत घ्यायची वेळ आली तर ते त्याच्या पाठीमागे करू नका. शाळेतून आला आणि पेटी रिकामी, असे झाले तर मूल एवढेच शिकते की प्रेम केले की वस्तू नाहीशी होते. त्याला सगळे सांगा, रडू द्या, आणि शेवटचे काम त्याच्या हाताने होऊ द्या. त्याने दोन महिने जीव लावला होता, म्हणूनच त्याला सांगण्यासारखे काही होते आणि ते कोणीतरी लिहून घेतले.

जूनपासून आमच्या वर्गात आम्ही एक नवा रिवाज सुरू केला आहे. ज्याला काही पाळायचे असेल त्याने आधी एक पान भरून आणायचे. प्राणी कुठला, रानातला की माणसात राहणारा. काय खातो, काय खात नाही. ऊन, पाणी, जागा किती. किती वर्षे जगतो. आजारी पडला तर कोणाकडे न्यायचा. आपण गावाला गेलो तर कोण बघणार. पान भरता भरताच बरीच मुले बेत बदलतात. दोघांनी ते नीट भरले, एकाने बकरीसाठी, एकीने मांजरीसाठी, आणि दोघांचेही चांगले चालले आहे.

भाच्याला हे फोनवर सांगितले होते. ऑगस्टमध्ये त्याचेही पान आले, दादींच्या सहीसह. प्राणी, गावठी कोंबड्या, दोन. खाणे, ज्वारी, कण्या, भाजीचा पाला. घर, परसात, दार पूर्वेला, जाळी अब्बा लावून देणार. आयुष्य, पाच ते आठ वर्षे. गावाला गेलो तर, दादी. त्याखाली त्याने स्वतःहून एक ओळ वाढवली होती, जी आमच्या नमुन्यात नव्हती. पूर आला तर, साताऱ्याला खालाकडे.

आम्ही होकार कळवला आहे.